चौथ्या बोल्टचं कुंकू

ऑफिसात माझ्या हाताखाली दहा इंजिनीअर आहेत, हे आधीच सांगून ठेवते. नंतर सांगायला तोंड राहणार नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या जुन्या ऑफरोड गाडीला मी स्वतः मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे नवे माउंट बसवले. गाडीच्या कंपनीचे नाहीत, बाहेरून मागवलेले, म्हणजे इथल्या नियमाने तपासणीचा शिक्का हवाच. शिक्का नाही, तर शनिवारची आल्प्सची ट्रिप नाही.

दसऱ्याला सासूबाईंनी गाडीची पूजा केली. "नवीन काय बसवलंस ते दाखव," म्हणाल्या आणि चाकामागे वाकून बोल्टांनाही ओलं कुंकू लावून आल्या.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गाडी लिफ्टवर चढली. तपासनीस खालून बघून एकदम खूश. "घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टला लाल खूण! वर्कशॉपवालेसुद्धा एवढं करत नाहीत."

"गेनाऊ," मी जर्मनमध्ये ठोकून दिलं, म्हणजे "अगदी बरोबर."

"पण ह्या चौथ्याला खूण नाही." त्याने दोन बोटांनी फिरवून बघितला. फिरला की हो!

तो आवळायच्या वेळी मुलीचा फोन आला होता, ते मला तिथे आठवलं. त्याने पाना पुढे केला. मी मान खाली घालून बोल्ट आवळला, तेव्हा शिक्का मिळाला.

घरी आल्यावर विचारलं, "आई, चौथ्या बोल्टला कुंकू लावायचं राहिलं का हो?"

"राहील कसं? तो हलत होता. म्हटलं, तुझं काम अजून चाललंय. झालं की लावू."