पोथीच्या मापाचं पुस्तक

(सन १९३०. सोलापुरात मार्शल लॉ. नवी पेठेतलं बाइंडरचं दुकान. भरदुपार, दार अर्धं लोटलेलं.)

वच्छला : जाळून टाका हे पुस्तक, चाचा. मला न्हाई जमायचं न्यायला.

अल्लाउद्दीन : हळू बोल बेटी, हळू! जाळू कुटं? धूर दिसला की नाक्यावरचे गोरे धावत येतील. आणि तिकडं केमच्या टेशनावर तुझा नवरा श्रीमंत वाट बघत बसलाय. त्यानं जीव मुठीत धरून अक्षराचा एकेक खिळा जुळवला, छापलं, आणि बायकोनं जाळलं म्हणून सांगू त्याला?

वच्छला : नवरा जित्ता राहिला पायजे आदी! नुसता झेंडा धरला तर लोकांना खडी फोडायला धाडायलेत. ह्यात तर गोळीबाराचं समदं लिवलंय. घावलं तर त्येबी गेले, मीबी गेले.

अल्लाउद्दीन : म्हणून तर पोथीच्या मापाचं केलं की! श्रीमंत म्हणत होता, कागद चारदा मुडपू, खिशातलं सोळापेजी करू. मी म्हणलो, येडा हायस का? खिसे, कंबर, पागोटं, पोलीस तेच तर चाचपतात. त्यापरीस कागद आडवा कापू, ओळी लांब जुळव, वरखाली लाकडी फळ्या, वरची चार पानं खऱ्या पोथीची. लाल फडक्यात बांधून उघड छातीशी धरायचं. शंकराच्या पोथीत कोण हात घालतंय?

वच्छला : तुमाला काय! तुमी दुकानात बसणार.

अल्लाउद्दीन : मला काय? माझी घरवाली लालबी सकाळपासनं नमाजाच्या जानमाजवर बसलीय, उठायचं नाव न्हाई. मीबी लई भ्यालोय बेटी.

वच्छला : ईश्वरप्पाचं नाव हाय न्हवं ह्यात?

अल्लाउद्दीन : हाय की. मधल्या पानावर. तुझा भाऊ कुटं उभा होता, गोळी कशी लागली, समदं हाय.

वच्छला : सरकारी कागदात मेलेल्यांत त्याचं नावच न्हाई, चाचा. लोक आईला इचारतात, पोरगं कुटं पळून गेलं गं तुझं? ती तोंड लपवून रडती... आणा हिकडं. नेते मी.

अल्लाउद्दीन : थांब. बूट वाजले.

वच्छला : अगं आई गं!

अल्लाउद्दीन : रडू नको. पुस डोळे... या या, गुरुसिद्धप्पा हवालदार! या की आत.

हवालदार : दार का लोटलंय? दुकानं उघडी ठेवायचा हुकूम हाय, ठाऊक न्हाई? ही कोण?

अल्लाउद्दीन : गिऱ्हाईक, साहेब. पोथीला फळ्या करून न्यायला आली.

हवालदार : कुटं निघालीस, बाई?

वच्छला : केमला. आई आजारी हाय. तिला पोथी ऐकायची हाय.

हवालदार : मग एवढी थरथरतीस कशाला?

वच्छला : तुमाला बघून, साहेब. सारं गावच थरथरतंय की.

हवालदार : हं. सोड ते फडकं. थांब, बूट काढतो आदी. नमः शिवाय, नमः शिवाय... शंकराचीच हाय, बरोबर. आं? हे पान का उचलंना?

अल्लाउद्दीन : क... कोणतं?

हवालदार : पोथीचं पान उचलून पलीकडं ठेवायचं असतंय. हे निघंना. अल्लाउद्दीन, हितं कडेला दोरा हाय. तू पोथी शिवलीस?

अल्लाउद्दीन : या अल्ला!

हवालदार : पोथी कुणी शिवतंय का रे? सुटी पानं असतात तिची.

अल्लाउद्दीन : आमच्याकडं पोथ्या शिवायला येतच न्हाईत, साहेब. उभा जन्म पुस्तकं शिवण्यात गेला. भीतीनं डोकं बंद पडलं, हात आपले शिवत ऱ्हायले. ह्या पोरीला काय बी ठाऊक न्हाई. मला न्या.

वच्छला : चाचांना नेऊ नका! मला समदं ठाऊक हाय. मधलं पान वाचा, साहेब. ईश्वरप्पा. माझा पाठचा भाऊ हाय त्यो.

हवालदार : ...“हातात दगडसुद्धा नव्हता. पडल्यावर त्याने पाणी मागितले.” हे कुणी सांगितलं तुमाला?

वच्छला : बघणाऱ्यांनी.

हवालदार : मीबी बघत होतो.

वच्छला : मग पाणी दिलं का हो कुणी त्याला?

हवालदार : ...दार लोट, अल्लाउद्दीन. पुरं लोट. हितल्या टेशनावर आमचा जमादार उभा हाय, रोज पोथी वाचतो त्यो. फडकं सोडलं की पयलं पान उचलणार. दोरा काढून टाक समदा.

अल्लाउद्दीन : भोकं ऱ्हातील की, साहेब.

हवालदार : वाळवी लागली म्हणायचं. आटप! गोरा साहेब ह्याच गल्लीत येणार हाय. मी हितं घावलो तर माझीबी पोरं रस्त्यावर येतील.

अल्लाउद्दीन : कात्रीच धरवंना मला...

हवालदार : सरक. आण, मी कापतो.

वच्छला : साहेब, पान फाटंल. द्या हिकडं. तुमचा हात तर चाचांपरीस जास्त हलतोय.