मिटलेले मथळे

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ एकाच फोनवर वाकले होते.

"आईला कुठलं औषध सोसत नाही, डॉक्टर विचारतायत. मी घरच्या नोंदीत लिहिलं होतं, कुठे गेलं?"

"ताई, ती नोंद मारुतीच्या शेपटासारखी लांबली होती. मी मथळे देऊन नीट लावली."

"नुसते मथळेच दिसतायत! मजकूर?"

"मिटवलाय."

"पुसलास?"

"पुसला नाही गं, मिटून ठेवलाय. बाणावर बोट ठेवलं की उघडतो."

"हा शहाणपणा कुणी सांगितला होता तुला? घर, गाडी, विमा, कुत्रा... कुत्र्यालासुद्धा स्वतंत्र मथळा! आणि आई रे?"

"खाली जा."

"गेले."

"अजून खाली. सगळ्यात शेवटी."

"इथे आई नाहीये."

"'इतर' उघड ना."