ताईंच्या नावावर डिलीट झालेलं टेबल

मंडळी, सगळे आलात. बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही. सुनंदाताईंच्या फोटोशेजारी उभं राहून बोलणं जड जातंय, आणि समोर बघितलं की डोकं आणखी तापतंय.

ताई गणिताच्या बाई. निवृत्त झाल्या आणि आपल्या मंडळासाठी रक्तदाते शोधत फिरल्या. सावर्ड्याच्या बाजारात उभ्या राहिल्या, वेळणेश्वरला घरोघर गेल्या. सगळी माहिती त्यांनी क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, भरली. कोणाचा रक्तगट कुठला, फोन कुठला, चटकन सापडायचं.

त्या म्हणाल्या होत्या, प्रत्येकाला वेगळं लॉगिन देऊया. आपण काय म्हणालो? "ताई, आपण सगळे घरचेच. तुमचंच वापरू." पासवर्ड ऑफिसातल्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून टाकला. आठवतंय ना? त्या म्हणाल्या, बॅकअप चालू करूया. आपण म्हणालो, पुढच्या बैठकीत बघू. बघितलं?

मग एका दुपारी कोणीतरी सरावाचं टेबल काढायला गेलं आणि खरं टेबल डिलीट करून मोकळं झालं. खात्री आहे का, असं तो स्क्रीन विचारतो हो! वाचायचे कष्ट कोण घेणार? कोणी काय केलं, त्या कॉम्प्युटरच्या नोंदीत नाव मात्र ताईंचं, कारण लॉगिन त्यांचं.

त्या दुपारी ताई माझ्याबरोबर आंजर्ल्याला शिबिरात होत्या. लॅपटॉप घरी, फोनला रेंज नाही. नंतरच्या बैठकीत ताईंवर ठपका आला, तेव्हा मी हे ओरडून सांगितलं. उत्तर काय मिळालं? "पण लॉगिन त्यांचंच ना?" वय झालं, हात चुकतो, असंही कोणी म्हणालं. बाकीचे खाली बघून चहा प्यायले.

मी म्हटलं, ताई, भांडा ना. तर म्हणाल्या, "अगो विद्या, भांडून माहिती परत येणार आहे काय? चल, फोन लाव." आठवेल त्याला फोन करून पुन्हा भरायला बसल्या. मध्येच एका बाळंतिणीला रक्त हवं झालं. ताईंनी आठवून आठवून माणूस शोधला. बाई वाचली. तेव्हा कोणी नाव घेतलं ताईंचं?

हॉस्पिटलात शेवटी माझा हात धरून काय विचारलं, सांगू? "विद्या, तुला तरी खरं वाटतंय ना गो, ते मी नाही केलं?"

हे विचारतच जग सोडावं लागलं त्यांना. मला राग येतोय. तुमचा सगळ्यांचा येतोय.

आता अध्यक्ष म्हणतील, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. नको. स्तब्ध आपण त्या बैठकीपासून आहोतच. ज्याने ते टेबल डिलीट केलं तो याच सभागृहात आहे. त्याने एकट्याने उभं राहावं आणि फोटोकडे बघून म्हणावं, "ताई, ते मी केलं."

फुलं त्यानंतर वाहू. मी इथेच उभी आहे.