आजीच्या टाचा आणि वसंताचा अंदाज

वसंता, चहा संपेपर्यंत उठायचं नाही. तुझा भेगांचा किस्सा आज ह्यांना सांगणारच.

बहात्तरचा दुष्काळ. आम्ही दोघं पाणी शोधायच्या सरकारी नोकरीत, आणि वसंता माझा साहेब, नवा कोरा. श्रीगोंद्याकडच्या एका गावात बोअर कुठं घ्यायचा ते ठरवायचं होतं. गावातली सगळ्यात खोल विहीर एका आजीची. आजी ओट्यावर बसलेली. ह्यानं विहिरीचं नावच घेतलं नाही. म्हणाला, "आजी, तुमच्याकडे बऱ्याच भेगा आहेत म्हणे. बघायला आलोय."

आजीनं लुगडं सावरून टाच पुढं केली. "बघ बाबा. लई ठनकत्यात."

मी जीपकडे तोंड फिरवलं. वसंता लालबुंद. "पायाच्या नव्हे आजी, खडकाच्या! सगळा खडक काही खणून बघता येत नाही. म्हणून विहिरीत दिसतात तेवढ्या भेगा मोजायच्या, आणि न दिसणाऱ्यांचा अंदाज लावायचा. जिथं भेगा एकमेकींना मिळतात, तिथं पाणी."

"आसं व्हय," म्हणत आजीनं टाच आत घेतली.

आता खरं ते सांगतो, अंदाज बरोबर निघाला. ह्यानं दाखवलं तिथंच बोअरला पाणी लागलं, गावानं नारळ फोडला. हा इतका खूश, की नगरहून आजीसाठी भेगांचं मलम घेऊन गेला. डबी केवढी, तर सुपारीएवढी!

आजीनं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं.

"सायबा, ह्ये एका पायाला झालं. दुसऱ्याला काय, अंदाज लावू?"