अर्ध्या खांडाला औषध

(एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रातली खोली. टेबलापलीकडे समुपदेशक तनुजा, अलीकडे कन्नड तालुक्यातले मेंढपाळ मल्हारराव.)

मल्हारराव : रागावू नका ताई. तीन महिने झाले, बंद केल्या गोळ्या. माझ्याच फक्त. बायकोच्या, बानाबाईच्या, चालू हायेत. तिच्याबी बंद कराव्या का, तेवढं इचारायला आलो.

तनुजा : बंद करायला कुणी सांगितलं?

मल्हारराव : मोबाइलवर एक डाक्टर सांगतो. म्हने एचआयव्हीनं एड्स होतच नाय, मानूस खंगतो ते गोळ्यांनी. आमच्या भावकीतल्या पुंडलिकनं गोळ्या सुरू केल्या आन् महिन्यात गेला.

तनुजा : सुरू केल्या तेव्हा कसा होता तो?

मल्हारराव : अंथरुनाला खिळला व्हता.

तनुजा : मामा, मेंढराला औषध कधी पाजता तुम्ही?

मल्हारराव : मान टाकली की. मंग मेलं की औषधाला नावं ठेवतो... व्हय, खरं हाय. पर एका पुंडलिकावर कायबी ठरत नाय. नवं औषध आलं की आमी अर्ध्या खांडाला, म्हंजी अर्ध्या कळपाला पाजतो, पाठीवर रंग लावतो. अर्धं तसंच. रान एक, पानी एक. महिन्यानं बघतो.

तनुजा : माणसांत असं मुद्दाम करत नाहीत. पण एकदा आपोआप झालं. रक्त गोठत नाही असा जन्मजात आजार असलेले हजारो लोक. सगळ्यांना रक्तापासून बनवलेलं औषध टोचायचे. काही बाटल्यांत एचआयव्ही होता, काहींत नव्हता.

मल्हारराव : आजार एक, औषध एक. मेले कोन?

तनुजा : एचआयव्ही अंगात गेला ते, कितीतरी पटीनं जास्त. आणि हे मरण सुरू झालं तेव्हा आपल्या गोळ्या निघाल्याही नव्हत्या.

मल्हारराव : मंग गोळीवर आळ कसा घेतो ह्यो गडी? लई इचारायचंय त्याला.

तनुजा : आधी तुमचा रिपोर्ट बघा. आजाराशी लढणाऱ्या पेशी चारशे दहा होत्या, दोनशे तीसवर आल्या. बानाबाईंच्या पाचशेच्या वर टिकून आहेत.

मल्हारराव : रंगाचं मेंढरू टिकलं म्हना की.

तनुजा : म्हणजे? मुद्दाम केलंत तुम्ही हे?

मल्हारराव : तपासल्याबिगर कसं कळावं? अर्धं खांड ती, अर्धं मी.

तनुजा : दोघांवरून काही सिद्ध होत नाही, मामा. जिवावर बेतलं असतं. चला, डॉक्टरांकडे जाऊ, आजच सुरू करू गोळ्या.

मल्हारराव : चला. हिच्या बंद नाय करत आता.

तनुजा : एक सांगा. बिनगोळ्यांचं कुणी राहायचं, ते कसं ठरवलंत?

मल्हारराव : त्यात काय ठरवायचं. मी गेलो तर मेंढरं तिच्यामागं जातील. ती गेली तर माझ्यामागं कुत्रंबी येनार नाय.