बापाने केलेली खीर

आमच्या गुंद गावात मराठीतून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणारी पहिली बाई कोण, असं विचाराल तर मी छाती फुगवून सांगते, माझी शेजारीण रोझा!

मिशनच्या उपदेशकांनी तिला अक्षरं शिकवली आणि पुस्तक दिलं, पण अट घालून. "आपल्या भाषेतलं आहे, स्वतः वाच. सुगी झाली की येईन. गोष्ट सांगता आली तर पुस्तक तुझं, नाहीतर दुसऱ्या गावाला देईन."

रोझा रोज अंगणात बसून मोठ्यानं वाचायची. कुंपणाअलीकडं मी भांडी घासत ऐकायची. एकच तांब्या किती घासला म्हणून सांगू!

उपदेशक आले. रोझा घर सोडून गेलेल्या पोराची गोष्ट सांगायला लागली. पोरगा परत आला, बाप धावत गेला, इथवर सांगितलं आणि घाबरून रोझाची वाचाच बसली. पुस्तक जातंय म्हटल्यावर मला राहवेना. कुंपणावरूनच ओरडले, "अगं, मग बापानं खीर केली की!"

"खीर?" उपदेशक चमकले. "पुस्तकात तर वासरू कापलंय."

रोझा खाली बघत म्हणाली, "व्हय, वाचलंय मी. पण पलीकडं ही अक्का ऐकत असती. तिच्या घरात गाय पुजत्यात. वासराचं ऐकून उठली असती, तर बापाचा आनंद तिला कळलाच न्हसता. म्हणून मी खीर केली."

उपदेशक खळखळून हसले. "पुस्तक ठेव, बाई. तुला गोष्ट कळली. आणि अक्का, उद्यापासून तुम्ही अंगणातच येऊन बसा."

गेले की मी. जाताना खीर करून नेली.