गुणिले तीन पूर्णांक सहा

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही फार ताणता! मी ताणतो? अहो, उभी हयात बातमीदारीत घालवली, मंत्र्यांच्या गाड्या अडवल्या, गुंडांच्या शिव्या खाल्ल्या, एकदा तर हात मोडून घेतला, पण हरलो कुठे? तर आमच्याच कचेरीत, आमच्याच डेस्कवर, एका गुणाकारापुढे! आणि गुणाकार तरी केवढा? गुणिले तीन पूर्णांक सहा. बस्स!

झालं काय, खताच्या कारखान्यातून अमोनिया गळायला लागला. माझी मावशी त्या कारखान्याच्या भिंतीला लागून राहते. एकटी, आणि त्यात दम्याची. डोळे लाल, नाकाला रुमाल, खोकून खोकून बेजार, म्हणून मी तिला उचलून माझ्या घरी आणली. येता येता रडगाणं चालूच, "अरे, माझ्या कुंड्यांना पाणी कोण घालेल?" म्हटलं, मावशी, कुंड्या जगतील गं, आधी तू जग!

मग कारखान्यानं पत्रकारांना बोलावलं. त्यांचा तो जनसंपर्कवाला... अत्तर लावून आला होता हो! बाहेर अमोनियानं माणसं रडताहेत आणि हा अत्तर लावून! गोड हसून म्हणतो, "साहेब, चिंतेचं काहीच नाही. गळती फक्त दोन. परवान्यातली मर्यादा पाच." म्हटलं, दोन काय आणि पाच काय? बटाटे? तर हळूच म्हणतो, "दोन मोल प्रति सेकंद." आणि मर्यादा? "पाच किलोमोल... प्रति तास."

बघितलीत लबाडी? तुम्हाला सांगतो, मोल म्हणजे काही भानगड नाही. डझन म्हटलं की बारा, तसा मोल म्हटलं की रेणूंचा एक ठरलेला, भलामोठा आकडा. तसे हजार मोल म्हणजे एक किलोमोल. तासात सेकंद किती? छत्तीसशे. म्हणून छत्तीसशेनं गुणा, हजारानं भागा, म्हणजेच गुणिले तीन पूर्णांक सहा. दोनाचे झाले सात पूर्णांक दोन! मर्यादा पाच, गळती सात पूर्णांक दोन! कॉलेजात रसायनशास्त्राच्या बाईंनी हे माझ्याकडून इतकं घोटून घेतलं होतं, की झोपेतून उठवून विचारा!

तडक कचेरीत आलो, बातमी लिहिली, मथळासुद्धा मीच दिला, 'गळती मर्यादेच्या जवळपास दीडपट'. आणि सकाळी पेपर उघडतो तर... 'गळती दोन, मर्यादा पाच. नागरिकांनी घाबरू नये.' खाली ठळक अक्षरांत माझं नाव!

उपसंपादकाला जाऊन धरलं. तो खुर्चीत रेलून म्हणतो, "दादा, डेस्कचा नियम आहे, बातमीत एकक दिसलं की कापायचं. वाचकाला कळत नाही." अरे, पण सात पूर्णांक दोन कुठे गेले? "ते तर कुठल्याच पत्रकात नव्हतं. कारखान्याचा आकडा अधिकृत. गुणाकार हे तुमचं वैयक्तिक मत झालं." मत! तुम्हीच सांगा, गुणाकाराला कधी मत असतं का हो?

घरी येतो तर मावशी दारात, पिशवी भरून तयार!

"मावशी, ते मी लिहिलेलं नाही गं!"

"नाव कुणाचं आहे?"

"नाव माझं आहे, आकडा माझा नाही! गुणिले तीन पूर्णांक सहा करायचं राहिलं त्यात!"

"काहीतरीच तुझं! म्हणजे छापलेलं खोटं, आणि तू दारात चपला काढताना बोलतोस ते खरं?"

गेली! अडवलं तर म्हणते, "इतकी वर्षं तुझ्या बातम्या वाचून शेजारणींशी भांडत आले, आता माघार घेऊ?"

मग मात्र मी थेट संपादकांच्या टेबलावर हात आपटला. म्हटलं, खुलासा छापा, नाहीतर राजीनामा घ्या! संपादक म्हणाले, "अहो, छापू की! तुमचा तो तीन पूर्णांक सहा द्या डेस्कला." दिला. स्वतः कागदावर लिहून दिला. आणि दुसऱ्या दिवशी छापून काय आलं? 'कालच्या वृत्तात गळती सात पूर्णांक दोन व मर्यादा अठरा असे वाचावे.'

अठरा! मर्यादेलाही गुणलं! अरे शहाण्यांनो, मर्यादा आधीच तासाची होती, किलोमोलात होती, तिला कशाला हात लावलात? तर संपादक शांतपणे म्हणतात, "हे बघा, एकाच बाजूला गुणलं असतं तर कारखाना म्हणाला असता, पक्षपात केला. आपण दोन्ही बाजूंना समान न्याय देतो."

तेवढ्यात मावशीचा फोन. म्हटलं, मावशी, आधी खिडक्या बंद कर! तर म्हणते, "कशाला?... खॉक्... काल पाचच होती, आता अठरापर्यंत परवानगी मिळालीय... खॉक्, खॉक्... सगळ्या उघडून बसलेय! तूच ये इकडे राहायला. तुझ्याकडे गाड्यांचा धूर फार. इथली हवा चांगली आहे, पेपरात आलंय... तुझ्याच नावानं!"

मग काय, निघालोय. तिला तिथे एकटीला कसं सोडू? मी खिडक्या लावीन, ती उघडेल, मी लावीन, ती उघडेल. दम्याचे पंप घेतलेत, एक तिचा, एक माझा. जाता जाता कचेरीत रजा सांगितली. उपसंपादकानं विचारलं, "किती?" म्हटलं, दोन लिही. दोन काय, दिवस, महिने की वर्षं... ते नाही सांगितलं. एकक तो कापणारच होता!